म्हापशातील सोनोग्राफी केंद्र: रिपोर्टमधील एका ओळीविषयी

माझ्या 13 वर्षांच्या मुलीच्या बेंबीभोवती दुखू लागले आणि संध्याकाळपर्यंत ते दुखणे उजवीकडे खाली सरकले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका येऊन आम्हाला म्हापशातील एका सोनोग्राफी केंद्रात पाठवले. पुढे थोडी तक्रारही असल्याने केंद्राचे नाव देत नाही.

तक्रार प्रतीक्षेची आहे. मुलींच्या बाबतीत बीजकोशाचे दुखणेही असेच भासू शकते; ते पाहण्यासाठी मूत्राशय भरलेले लागते, म्हणून लघवी रोखायला सांगितली, हे ठीक; पण वेदनेने वाकलेल्या मुलीला त्या अवस्थेत सव्वा तास अरुंद बाकड्यावर बसवून ठेवणे अक्षम्य होते.

आत गेल्यावर मात्र चित्र पालटले. रेडिओलॉजिस्ट बाईंनी प्रथम विचारले, ‘‘सगळ्यात जास्त कुठे दुखतं? तिथे एक बोट ठेव बघू.’’ जेल लावून त्यांनी तिथूनच प्रोब हळूहळू दाबत नेला. अशा दाबाने आतड्यातील वायू बाजूला सरतो. निरोगी अपेंडिक्स दाबाखाली चपटे होते, सुजलेले होत नाही, आणि त्याची जाडी 6 मिलिमीटरच्या वर गेली की संशय बळावतो. ही पद्धत डच रेडिओलॉजिस्ट प्यूलार्ट यांनी 1986 मध्ये मांडली.

वीस मिनिटे शोधूनही ते सापडले नाही. रिपोर्टमध्ये त्यांनी ‘अपेंडिक्स दिसू शकले नाही, लक्षणे पाहून तपासणी पुन्हा करावी’ असे स्पष्ट लिहिले. भाच्याच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी न दिसलेल्या अपेंडिक्सला सरळ ‘नॉर्मल’ लिहिलेले मी पाहिले आहे, त्यामुळे या ओळीचे मोल मला अधिक वाटले. थेट सीटी स्कॅन का नको, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘वाढत्या वयात किरणोत्सर्ग टाळता येईल तेवढा टाळायचा. उद्याही दिसलं नाही, तर कमी मात्रेचा सीटी करू.’’ एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, परंतु त्यासाठी बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते. कळवळणाऱ्या मुलीकडून ते झाले नसते.

रात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढली. सकाळी बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: 9 मिलिमीटरची, दाबली तरी न चेपणारी नळी आणि तिच्यात मागे काळी सावली टाकणारा पांढरा खडा. दुपारी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या तपासणीचे त्यांनी निम्मेच पैसे घेतले; बाकड्यावर त्या दिवशीही पाऊण तास गेला.