न्हाणीतला शॉवर ट्रे: एक पावसाळा आणि एक चतुर्थी काढल्यावर

कुडाळला दुकानात गेले तेव्हा 'शॉवर बेस' हा शब्द मला ठाऊक नव्हता. "न्हाणीत खाली बसवतात ते ताट दाखव," म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलाला बरोबर कळलं. "ट्रे म्हणतात त्याला, काकी."

आमची न्हाणी मागच्या पडवीला लागून. भिंती चिऱ्याच्या, खाली शहाबादी. फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरायचं आणि पावसाळ्यात पलीकडच्या कोठीची भिंत हातभर उंच ओल धरायची. त्यात गेल्या आषाढात सासूबाईंचा पाय शेवाळावरून सरकला. वय ब्याऐंशी. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण त्याच दिवशी ठरवलं की ही फरशी आता काढायची.

दुकानात तीन प्रकार होते. सिरॅमिकचा दिसायला छान, पण आमच्याकडे पितळी तांब्या हातातून सुटतोच, एक टवका उडाला की संपलं. स्टोन रेझिनचा भक्कम, पाय ठेवला की दगडावर उभं राहिल्यासारखं वाटतं, पण किंमत दुप्पट आणि उचलायला दोन माणसं. ॲक्रिलिकचा हलका, खालून फायबरचा थर दिलेला. तो घेतला, साडेआठ हजारांना. घेण्याआधी मी तिथेच चपला काढल्या, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ट्रेवर ओतलं आणि वर उभी राहिले. गुळगुळीत चकचकीत होता त्यावर टाच सरकली. बारीक ठिपक्यांचा होता त्यावर नाही. दुकानदार बघत राहिला, पण साडेआठ हजार मी देणार होते.

मापाचा घोळ मात्र झालाच. प्लंबर म्हणाला, "तीन फुटी आणा." खोक्यावर 900 मिलिमीटर. तीन फूट म्हणजे 914. अर्धा इंच कमी, त्यात चिऱ्याची भिंत. गुण्या लावून बघितला तर कोपरा काटकोनात नव्हताच, एका बाजूला चांगली दोन बोटं फट. जुन्या घरात माप घ्यायचं तर जमिनीशी, गुडघ्याशी आणि कमरेशी, तिन्ही ठिकाणी घ्या आणि सगळ्यात लहान येईल ते धरा. आमची फट शेवटी टाइलखाली गेली, कारण ट्रे आधी बसतो आणि भिंतीची टाइल त्याच्या काठावर उतरते. आमच्याकडे टाइल आधी लावायला निघाले होते. तसं केलं असतं तर भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट ट्रेच्या मागे गेलं असतं.

आता मुख्य तक्रार, आणि ती ट्रेची नाही, बसवण्याची आहे. पहिल्या प्लंबरने सिमेंटचे चार गोळे टाकले, चार कोपऱ्यांना, आणि त्यावर ट्रे दाबून बसवला. पाणसळ लावली, बुडबुडा मध्यभागी, सगळे खूश. आठव्या दिवशी ट्रेवर उभं राहिलं की 'कर्र' असा आवाज यायला लागला. बोटाने ठोकून बघितलं: कोपऱ्यांत भरीव, मध्ये पोकळ, रिकाम्या डब्यासारखा. प्रत्येक आंघोळीला मधला भाग थोडा लवत होता आणि त्या लवण्याने कडेचं सिलिकॉन सुटत होतं. माणसाला फोन केला तर "होतं तसं, काकी."

दुसरा मिस्त्री आणला, गावातलाच, वयस्क. त्याने सगळं काढलं. खालची जमीन चार इंच उतरवली, म्हणजे ट्रेचा काठ बाहेरच्या लादीच्या बरोबरीला आला आणि सासूबाईंना पाय उचलावा लागत नाही. ट्रेखाली आणि भिंतीवर फूटभर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. वाळल्यावर भोक बुजवून पाणी भरलं आणि चोवीस तास ठेवलं. कोठीची भिंत कोरडी राहिली, तेव्हाच पुढचं काम. मग वाळू-सिमेंटचा ओला माल सगळीकडे सारखा पसरला, ट्रे त्यावर टेकवला आणि हाताने चहूबाजूंनी दाबत नेला. ठोकलं की सगळीकडे एकच भरीव आवाज. सिलिकॉन लावायच्या आधी त्याने ट्रे पाण्याने भरून ठेवला, म्हणजे वजनाने जेवढा बसायचा तेवढा बसू दे. मजुरी दोनदा गेली, ती माझ्या नशिबी.

बाहेर जाणारा पाइप त्याने फुटाला पाव इंच उताराने नेला, केळीपर्यंत. मध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहतं आणि वास अडतो असं पाइपाचं वळण. पूर्वी न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून सरळ बाहेर जायचं आणि पावसात त्याच वाटेने बेडूक, गोम, एकदा दिवड आत आली होती. आता बाहेरच्या तोंडाला जाळी आहे. या पावसाळ्यात पाहुणा एकही नाही.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून विचारलं, "ह्यां ताट कित्याक हाडलंस गे?" (हे ताट कशाला आणलंस?) त्या शॉवर घेत नाहीत, स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच न्हातात. तेव्हा स्टुलाच्या पायांना रबरी बुचं लावली, नाहीतर चार पायांचं वजन चार ठिपक्यांवर येऊन ॲक्रिलिकला ओरखडे पडतात. बंबाचं कढत पाणीही आधी बादलीत थंड घालून मगच. आता त्या काही बोलत नाहीत, म्हणजे चाललंय.

पांढरा रंग घेतला ही माझी चूक. एप्रिलात बाव, म्हणजे विहीर, खाली गेली की आम्ही बोअर लावतो आणि त्या पाण्यात लोह. नळातून नितळ येतं, हवा लागली की तांबूस होतं. महिन्याभरात नळाखाली गंजाचा गोल उमटला. शेजारच्या वहिनींनी ब्लीचिंग पावडर सांगितली. ती लावू नका, डाग आणखी पक्का होतो. मी अर्धं लिंबू चोळून पाच मिनिटांनी धुते, निघतो. खरखरीत घासणी मात्र कधीच नाही. ठिपक्यांच्या खाचांत साबणाचा मळ बसतो, त्याला जुना टूथब्रश.

चतुर्थीला घरात एकवीस माणसं होती. पहाटे चारपासून रांग. ट्रे हलला नाही, वाजला नाही. पाणी दोनदा तुंबलं, दोन्ही वेळा पुतणीचे केस. मागच्या कोपऱ्यात, जिथे वारा लागत नाही, तिथे सिलिकॉनवर काळे ठिपके आलेत. पुढच्या वेळी बुरशीरोधक सिलिकॉन मागून घेईन.

पाचपैकी साडेतीन. एक तारा पांढऱ्या रंगाला कापला, अर्धा वेस्टवरच्या, म्हणजे पाणी जायच्या भोकावरच्या झाकणाला, कारण खाऱ्या हवेने त्याची चकाकी सहा महिन्यांत गेली. स्टीलची जाळी त्या मापात मालवणात मिळाली नाही. कुडाळला पुन्हा जाईन तेव्हा दोन घेऊन येणार आहे.