माध्यमाचा कोर्स निवडताना : संपादक मास्तर, डॉक्टर मॅडम की कॅमेरावाले सर?

डिचोलीहून भाची तीन माहितीपुस्तिका घेऊन आली आणि माझ्यापुढे टाकून म्हणाली, "मामा, यातलं कुठलं?" मी पणजीत एका दैनिकात उपसंपादक, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात. तिन्ही चाळल्या. वृत्तलेखन, माध्यम कायदे, जाहिरात, जनसंपर्क, व्हिडिओ... इकडचं पान तिकडे लावलं तरी कळू नये. तसं होणारच. स्वायत्त महाविद्यालयं सोडली तर बाकीची गोवा विद्यापीठाच्याच अभ्यासक्रमावर चालतात. फरक पडतो तो फळ्यापुढे कोण उभं आहे त्याने. म्हणून ओळखीपाळखी काढून आम्ही तीन ठिकाणी मागच्या बाकावर बसलो. नावं देत नाही. हे तीन नमुने तुम्हालाही भेटतीलच.

पहिले संपादक मास्तर. मराठी दैनिकांत उभी हयात गेलेली, आता आठवड्यातून दोनदा तास घेतात. त्या दिवशी मुलांनी गावच्या ग्रामसभेची बातमी लिहून आणली होती. एकाचं पहिलंच वाक्य : "ग्रामसभेत विविध विषयांवर चर्चा झाली." मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "विविध म्हणजे किती? चर्चा म्हणजे काय झालं? खुर्च्या हलल्या की नाही?" मुलगा चाचरत म्हणाला, डोंगरकापणीच्या परवानगीवरून गोंधळ झाला आणि सभा तहकूब करावी लागली. "अरे मग हे तिसऱ्या परिच्छेदात कशाला लपवलंस?" लाल पेन फिरलं, वाक्य वर आलं, 'विविध' गेलं. मला डेस्कवर जे शिकायला दोन वर्षं लागली ते त्या पोराला दहा मिनिटांत मिळालं.

पण मास्तरांचं घड्याळ कुठेतरी थांबलं आहे. गाडी घसरली की थेट १९६७ च्या जनमत कौलावर जाते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर 'गोमन्तक' दैनिक बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, कोणत्या अग्रलेखाला कोणी काय उत्तर दिलं. ऐकायला झकास, मी स्वतः रंगलो होतो. पण कायद्याच्या टिपणांत वर्तमानपत्र नोंदणीचा १८६७ चाच कायदा. त्याच्या जागी नवा कायदा येऊन १ मार्च २०२४ पासून लागूही झाला. बदनामीचं कलमही अजून जुन्या दंडसंहितेतलं ४९९. भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालं आहे. कोणत्याही माध्यम शिक्षकाला हे दोन प्रश्न सहज म्हणून विचारून पाहा. माणूस अजून वाचतो की फक्त आठवतो, ते लगेच कळतं.

दुसरी अडचण त्यांची नव्हे, व्यवस्थेची. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नाही, पीएचडी नाही, त्यामुळे कायम नेमणूक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली : निदान पंधरा वर्षांचा अनुभव, पदवीची अट नाही, पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. आमच्या मास्तरांना मात्र तासागणिक मानधन आहे. पुढच्या वर्षी ते असतील का, हे प्राचार्यांनाही सांगता आलं नाही.

डॉक्टर मॅडमांचं उलटं. नेट, पीएचडी, कायम नोकरी. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्या कुठे जात नाहीत. वृत्तपत्राच्या कचेरीत रात्र काढलेली नाही, आणि ते जाणवतं. बातमी कशी लिहायची हे त्या सांगतात तेव्हा पोहण्याचं पुस्तक वाचून दाखवल्यासारखं वाटतं. वर स्लाइड सगळ्या इंग्रजीत. पहिली वीस मिनिटं मी घड्याळच बघत होतो.

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रांची चळत आणि स्टीलच्या पट्ट्या काढल्या. एका आठवड्याची पहिली पानं. कोणत्या तालुक्याला किती कॉलम सेंटिमीटर, ते मोजायचं. वर्ग जमिनीवर बसला. पणजीचा आकडा भराभर चढला. सत्तरी आणि काणकोणच्या रकान्यांत मुलं बराच वेळ काही लिहीतच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "तिथे काही घडलं नाही, की तिथे कोणी गेलं नाही?" मी रोज रात्री पान लावतो, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या पट्ट्यांखाली आमचंही दैनिक होतं, म्हणून मी गप्प बसलो.

अशा शिक्षकाचा प्रबंध 'शोधगंगा' या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सापडण्याची शक्यता असते. विषय पाहा, आणि त्यानंतर काय लिहिलं तेही पाहा. बढतीच्या वर्षी लेखांचा पाऊस आणि पुढे दुष्काळ असेल, तर आवड संपली समजा.

कॅमेरावाल्या सरांबद्दल थोडक्यात. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि त्याच्या आगेमागे अशी माणसं तयार झाली : माहितीपट, जाहिराती, अधेमधे लग्नंही. हात चांगला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुलांना नेऊन कॅमेरा न काढता फक्त आवाज टिपायला लावतात, ही युक्ती मला आवडली. पण नोव्हेंबर लागला की सर गायब, कारण इफ्फीपाठोपाठ लग्नसराई. कॅमेरे किती, मुलं किती, आणि चार वाजल्यानंतर कपाटाची किल्ली कोणाकडे, एवढं विचारलंत तरी पुरे. आम्ही विचारलं तेव्हा किल्लीवालाच रजेवर होता.

आता भाषा, जी आपल्याकडे कोणी विचारत नाही. मुलं बोलतात कोंकणी, घरी पेपर येतो मराठी, परीक्षा इंग्रजीत. मराठी दैनिकात जायचं असेल तर तुमची मराठी कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, कोण तपासणार? तिघांत ते एकटे मास्तरच करतात. त्यांचं पारडं माझ्या लेखी इथेच जड झालं. बातमीदारीच करायची असेल तर अजूनही मी त्यांच्याकडेच पाठवीन, कायदा स्वतः वाचून घे म्हणून बजावून. पुढे एमए, नेट, संशोधन किंवा धोरणाचं काम डोक्यात असेल तर मॅडम. सरांकडे जायचं ते स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची शिस्त असेल तरच. पुण्याला पत्रकारितेसाठी रानडे किंवा चित्रपटासाठी एफटीआयआय हा पर्याय आहेच, पण तिथेही आधी चौकशी शिक्षकाचीच करा, इमारतीची नको.

ही चौकशी मुलाखतीच्या खोलीत होत नाही. कॅन्टीनला जा, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा आणि विचारा, "शेवटची असाइनमेंट तपासून परत कधी मिळाली?" मी शिकलो तिथे तीन वर्षांत माझी एकही कॉपी परत आली नाही. वहीतली टिपणं पिवळी पडली होती आणि सर ती तशीच उतरवून देत. पहिल्या नोकरीत मुख्य उपसंपादकाने माझी बातमी टोपलीत टाकली तेव्हा मला 'इंट्रो', म्हणजे बातमीची सुरुवात, हा शब्द कळला.

भाचीने घेतल्या मॅडम. मी मास्तरांची शिफारस केली होती. ती म्हणाली, "मामा, त्यांनी तासात काय सांगितलं ते मला पाठ झालं. मॅडमांचं काय ते मला अजून कळलं नाहीय." मी वाद घातला नाही, मराठी कॉपी तपासण्याचं काम मात्र माझ्याकडे आलं.

गेल्या रविवारी जेवायला आली तेव्हा पर्समध्ये स्टीलची पट्टी होती. जेवण होईतो गप्प होती. मग आमच्या पेपरची सात पहिली पानं जमिनीवर पसरली, चहा होईपर्यंत मोजत बसली आणि म्हणाली, "काणकोण, साडेचार सेंटिमीटर. तेही अपघाताचं."