गोठ्याचं कॉम्प्युटर नियोजन आणि माझे गेलेले 57,859 रुपये

लाज वाटते सांगायला, पण सांगतो. एक पोरगं गोठ्यावर येऊन विकून गेलं: गाईंचा खुराक ठरवणारं सॉफ्टवेअर 18,500, माज (गाय भरवायची वेळ) ओळखणारे गळ्यातले पट्टे 10 नग 3,200 प्रमाणे 32,000, ट्रेनिंग जीएसटीसकट 2,360 आणि सबसिडीची फाईल लावायला 4,999. सबसिडी म्हणून निम्मे पैसे 15 दिवसांत खात्यावर परत येणार होते, पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी काय अडाणी नाही हो. 11 वर्षं गोठा करतोय, 10 एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आहेत, डेअरीच्या फॅट-एसएनएफच्या (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) स्लिपा सगळ्या जपून ठेवलेल्या. आणि हा प्रकार मुळात थाप पण नाही, गाईचं वजन, दूध, फॅट, किती महिन्यांची गाभण, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), सरकी पेंड काय भावानं पडते हे टाकलं की कमी खर्चात बसणारा खुराक खरंच निघतो. म्हणून तर फसलो.

डेमोच्या वेळी माझ्या हातून वजन 450 च्या जागी 45 टाईप झालं. 45 किलो म्हणजे नुकतं जन्मलेलं वासरू! तरी स्क्रीनवर तेच, 18 लिटर दूध, 7 किलो खुराक. मी म्हटलं, अरे हे बदललं कसं नाही? तर ते पोरगं म्हणतं, "काका, एआय आहे, तुमची चूक ते स्वतःच सुधारून घेतं." आणि मी मान डोलावली. वासराला 18 लिटर दूध दाखवतंय आणि मी मान डोलावतोय!! तिथंच त्याला गोठ्याबाहेर काढायला पाहिजे होतं.

त्यानं सांगितलं म्हणून पेंड कमी केली, गोठ्याचं दूध 112 लिटरवरून 91 वर आलो. दोन गाईंचा माज चुकला, म्हणजे परत 21 दिवस थांबा, आणि सात महिन्यांच्या गाभण गाईसाठी मेसेज, 'आज भरवून घ्या'. शेवटी पट्टा फोडला तर आत एक बटण सेल आणि लाल लाईट. बस.

पोलीस स्टेशनला तीन चकरा. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा जेवायला, तिसऱ्यांदा भेटले तर म्हणे माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. जनावरांच्या दवाखान्यात म्हणाले ही आमची योजनाच नाही, अहो तेच तर सांगायला आलोय! बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला तर 19 दिवस उशीर झाला म्हणे. पण 15 दिवसांत पैसे येतील म्हटल्यावर माणूस वाट बघणार का नाही? पैसे जाताच त्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखं थांबू नका.

सबसिडीच्या फाईलला कुणी खाजगी खात्यावर पैसे मागितले की तिथंच उठा. डेमोत मुद्दाम चुकीचा आकडा टाकून बघा, आटलेली (दूध बंद झालेली) गाय आणि दुधातली गाय दोघींना एकच खुराक सांगितला की समजून जा. खुराकासाठी एनडीडीबीचं (राष्ट्रीय डेअरी विकास बोर्ड) पशुपोषण ॲप फुकट आहे, मला हे नंतर कळलं.

घरी 52,860 च सांगितलेत. फाईलचे 4,999 अजून कुणाला माहीत नाहीत.