बारा रविवार मानसशास्त्राचे: एक सोडून बाकी पैसे वसूल

माझं कोल्हापुरात दुधाळीत दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. लेकीनं यंदा बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि घरातली भाषाच बदलली. रात्री शटरचं कुलूप मी दोनदा ओढून बघतो, तर जेवताना सरळ म्हणाली, "पप्पा, तुम्हाला ओसीडी आहे." म्हणजे तेच ते विचार येत राहतात, तीच ती कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते, तो मनोविकार. हे प्रकरण काय ते बघावं म्हणून राजारामपुरीतल्या एका क्लासला नाव घातलं. रविवारी दहा ते साडेबारा, बारा रविवार, फी 3,500. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे.

पहिला रविवार कोरडा गेला. वुंटनं 1879 मध्ये जर्मनीत लाइप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये सेनगुप्तांनी मानसशास्त्राचा विभाग सुरू केला, वगैरे. फ्रॉइडला मात्र दीड तास गेला. सगळ्यांना आपापल्या स्वप्नांचा अर्थ हवा होता आणि सरांना नाही म्हणवत नव्हतं.

पावलोव्हचा कुत्रा, म्हणजे खाण्याआधी रोज तोच आवाज ऐकवला की पुढं नुसत्या आवाजानंच लाळ गाळायला शिकलेला, सरांनी कोल्हापुरी केला: तांबड्या रश्श्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, तसंच कुत्र्याचं. मी हात वर केला. म्हटलं सर, वासानं सुटणारच, त्यात शिकण्यासारखं काय? आमच्यात कुकरची शिट्टी ऐकूनच सुटतं, तो खरा पावलोव्ह. सर हसले आणि फळ्यावरचा ‘वास’ पुसून ‘शिट्टी’ लिहिलं. चूक सांगितल्यावर फळा पुसणारा मास्तर मला आवडतो.

चौथ्या रविवारी तर नाद खुळा. फुटबॉलमध्ये मी पाटाकडील तालमीचा, मागच्या बाकावरचा एक पोरगा खंडोबा तालमीचा. शाहू स्टेडियमवरच्या एका पेनल्टीवरनं आमची जुंपली. सरांनी थांबवलं नाही. फळ्याकडं तोंड करून आम्ही किती वेळा ‘आम्ही’ म्हणतोय आणि किती वेळा ‘तुमची’, त्याच्या रेघा ओढत बसले. पाच मिनिटांत फळा भरला. मग सांगितला शेरिफचा 1954 चा प्रयोग. अमेरिकेत ओक्लाहोमातलं शिबिर, अकरा-बारा वर्षांची 22 पोरं, दोन गट. स्पर्धा लावल्या तशी एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही झालं नाही, उलट अन्नाची फेकाफेक. पाण्याची टाकी बंद पडली आणि दोघांनाही एकट्यानं जमेना, तेव्हा कुठं पोरं हळूहळू निवळली. त्या दिवशी खाली उतरल्यावर त्या पोरानंच चहा पाजला. पेनल्टी होतीच, हे मात्र मी अजून सोडलेलं नाही.

माझ्या धंद्याला उपयोगी पडला तो लॉफ्टस आणि पामर या दोघांचा आठवणींवरचा प्रयोग, 1974 चा. मोटारींच्या अपघाताची फिल्म सगळ्यांना तीच दाखवली, प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर उत्तरांची सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास. ‘टेकल्या’ म्हटलं तर 32. दुसऱ्या खेपेला आठवड्यानं विचारलं की फुटलेली काच दिसली का. ‘आदळल्या’वाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘धडकल्या’वाल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती! माझ्याकडं रोज कुणीतरी तुटलेला इंडिकेटर घेऊन येतो आणि मीच आधी विचारायचो, "कुठं आपटलासा?" आता नुसतं "काय झालं?" विचारतो. गोष्टी वेगळ्याच निघतात.

संशोधन पद्धतीचे दोन रविवार पोरांना कंटाळवाणे वाटले, मला तेच सगळ्यात भारी वाटले. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं नाही, एवढं सर घोटून घेतात. मात्र झिंबार्डोचा 1971 चा तुरुंग, म्हणजे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला प्रयोग, त्यांनी अगदी पोथी वाचावी तसा सांगितला. पहारेकऱ्यांना कडक वागायला सुचवलं होतं, हे नंतर ध्वनिफितींतून बाहेर आलं. ते मला घरी लेकीनं सांगितलं, 3,500 न घेता.

आता तक्रार. मनोविकारांना एकच रविवार, दहावा. एक गोष्ट सरांनी नीट सांगितली: सवय वेगळी आणि विकार वेगळा. ते विचार, ती कृती रोज तासाभराहून जास्त वेळ खात असतील किंवा त्यानं माणूस हैराण होत असेल, कामधंदा अडत असेल, तर ओसीडीचा विचार करायचा. मग घाई झाली आणि नैराश्याच्या लक्षणांची झेरॉक्स वाटून "खुणा करा" म्हणाले. लक्षणं किमान दोन आठवडे टिकावी लागतात, निदान डॉक्टरनं करायचं असतं, यातलं काही नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या ताईंनी जवळपास सगळ्याच खुणा केल्या, कागदाची बारीक घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मधल्या सुट्टीनंतर आल्याच नाहीत. पुढच्या रविवारी मी सरांना बाजूला घेऊन बोललो. "पुढच्या बॅचला बघू" म्हणाले. ताई अकराव्याला आल्या तेव्हा मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर त्यांना मीच लिहून दिला. फुकट आहे, रात्रीअपरात्रीही उचलतात. त्यांनी चिठ्ठी घेतली, बोलल्या काही नाहीत.

बाकी: जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. गाडी लावायला पावणेदहालाच पोचा. नोट्स मराठीत आहेत, पण टायपिंगच्या चुका ढीगभर. एका पानावर स्किनर नावाचा मानसशास्त्रज्ञ चक्क ‘स्कॅनर’ झालाय.

पाचपैकी साडेतीन. दहावा रविवार सुधारला तर चार देईन.

लेकीला ओसीडीचं सगळं समजावून सांगितलं. तिनं मोबाईलवर वेळ लावून शटरपाशी उभं राहून मोजलं. दोनदा कुलूप ओढायला अकरा सेकंद.