मनगटातली दबलेली नस: स्प्लिंट, इंजेक्शन की ऑपरेशन?

रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. ऐरोलीच्या ऑफिसात माउस धरताना, घरी कणीक मळताना अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. हा बहुधा कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबणं. मुंग्या फक्त करंगळीकडे असतील तर नस दुसरी, किंवा मूळ मानेत. मग पुढचं काही लागू नाही.

स्प्लिंट, म्हणजे मनगट न वाकू देणारा पट्टा, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त चुकीचा वापरला जाणारा. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बऱ्याचदा २०-३० अंश मागे वाकवलेली असते, आणि त्या कोनात बोगद्यातला दाब उलट वाढतो. पट्टी बाहेर काढा, सरळ करा, मग घाला. रोज झोपताना, सलग ६ आठवडे. फार आवळू नका. आपल्याकडच्या दमट हवेत आत जुन्या सुती मोज्याचा तुकडा घातला नाही तर घामोळं येतं आणि चौथ्या दिवशी स्प्लिंट कपाटात जातो.

स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं. इंग्लंडमधल्या २३४ रुग्णांच्या चाचणीत (लॅन्सेट, २०१८) ६ आठवड्यांनी मिथाइलप्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं. ६ महिन्यांनी दोघांत फरक उरला नाही. स्प्लिंटने न सुधारलेल्यांवर स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत ८० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ७३ टक्के जणांचं वर्षभरात ऑपरेशन झालंच. औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांत ते ९२ टक्के. म्हणजे इंजेक्शनने मुदत मिळते. घरातलं लग्न किंवा परीक्षा पार पाडायची असेल तर ती मुदत मोलाची. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती घरी मोजा. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. तिथे स्प्लिंटवरच थांबावं. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

ऑपरेशनमध्ये भूल फक्त हाताला, नसेवरचा जाड पडदा कापायचा, त्याच दिवशी घरी. नेदरलँड्समधल्या ९३४ रुग्णांच्या चाचणीत (लॅन्सेट, २०२५) १८ महिन्यांनी ऑपरेशनने सुरुवात केलेले ६१ टक्के बरे होते, इंजेक्शनने सुरुवात केलेले ४५ टक्के. म्हणून त्रास जुना आणि रोजचा असेल तर आमचा कौल ऑपरेशनला. त्याची किंमत मात्र आधी कळलेली बरी: टाके १०-१४ दिवस, तळहाताच्या बुडाशी काही आठवडे, कधी काही महिने दुखरेपणा, आणि पकड हळूहळू परत येते. वागळे इस्टेटमध्ये मशिनवर उभं राहणाऱ्याला ऑफिसवाल्यापेक्षा जास्त रजा धरावी लागते. लोकलचा हँडल तोवर दुसऱ्या हाताने. दोन्ही मनगटं खराब असतील तर एका वेळी एकच करणं सोयीचं, नाहीतर अंघोळीलाही माणूस लागतो.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला असेल, शर्टाचं बटण लावता येत नसेल, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना थेट ऑपरेशनचं विचारा. बधिरपणा चोवीस तास टिकत असेल तरी स्प्लिंटवर महिने घालवू नका. सुकलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरेलच असं नाही.

एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीला जाताना एसीतून थेट जाऊ नका. गार हातात नसेचा वेग मुळातच मंद येतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. हात कोमट करून, त्वचा किमान ३२ अंशांवर असताना तपासायला सांगा.