मतं देतो म्हणाले, टोकन 'डेलिगेट' करा म्हणाले आणि 2,740 डॉलर घेऊन गेले

क्रिप्टोवाल्या सोशल मीडियावर माझ्या पोस्टला मतं देतो, म्हणजे पोस्टला पैसे मिळतील, असं सांगून एका गटाने मला फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे कुणाला हे किरकोळ वाटणार नाही. पहिल्यांदा 1,840 डॉलर, मग 900 डॉलर, एकूण 2,740. त्या बदल्यात मतं पडून माझ्या हातात आले 163 डॉलर 40 सेंट. बाकीचे 2,576 डॉलर 60 सेंट कुठल्या खात्यात गेले आणि तिथून पुढे कुठे गेले हे मी आत्ता कुणालाही स्क्रीनवर दाखवू शकते, आणि तरी कुणी काही करत नाहीये.

क्रिप्टोवाल्या सोशल मीडियावर जे लिहितात त्यांना मुळातली गोष्ट माहीत आहे. तिथे पोस्टला मत पडलं की पैसे मिळतात, पण मत माणसाचं नसतं, लॉक केलेल्या टोकनचं, म्हणजे त्या प्लॅटफॉर्मच्या क्रिप्टो नाण्यांचं असतं. ज्याच्याकडे लाखो टोकन पडलेत त्याच्या एका क्लिकने पोस्टवर पंचवीस-तीस डॉलर चढतात आणि तुमच्या-माझ्या क्लिकने आकडा हलतसुद्धा नाही. 2016 ला यातली स्टीमिट ही साइट सुरू झाली तेव्हा तर हिशोब वर्गाचा होता, म्हणजे एका पोस्टला दहापट वजन मिळालं की पैसे शंभरपट. 2017 च्या जूनमध्ये ते सरळ केलं, दहापट वजनाला दहापटच पैसे, सगळ्यांना वाटलं आता लहान लेखकांचं बरं होईल, तर पैसे घेऊन मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, बोकाळले. मग 2019 मध्ये लेखकाचा वाटा 75 टक्क्यांवरून 50 वर आणला आणि उरलेले 50 मत देणाऱ्याला, आणि मत देऊन कमवायला टोकन कुणाकडे असतात ते सांगायला नको. मी ज्या प्लॅटफॉर्मवर होते तो याच पठडीतला, नाव मुद्दाम घेत नाही.

मी तिथे मन लावून लिहायचे. दीड हजार शब्दांचा लेख, स्वतः काढलेले फोटो, आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर. मिळायचे 7 सेंट. कधी 1 सेंट, म्हणजे शून्यच, कारण 2 सेंटच्या खाली काही जमाच होत नाही. आणि वर ट्रेंडिंगमध्ये बघावं तर सूर्योदयाचा एक फोटो, खाली दोन ओळी, 112 डॉलर. त्या 112 मधली निम्मी मतं पोस्ट पडल्यापासून पाच मिनिटांच्या आत पडलेली, ऑटो-व्होट, कुणी वाचलेलं नाही, वाचायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच मतं. हे रोज बघून माणसाच्या मनात काय होतं ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. म्हणून मला कुणी 'पैशाच्या लोभाने गेली' म्हणू नये. मला फक्त माझ्या लेखाला कामाचा मोबदला हवा होता.

आणि हे लोक बरोबर असाच माणूस शोधतात. चांगलं लिहिणारा, नियमित लिहिणारा, आणि आकडा बघून खचलेला. डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर मला एका मोठ्या खात्याचा मेसेज आला, तुमचे लेख मी वाचतो, तुमच्यावर अन्याय होतोय, आमचा गट लहान लेखकांना आधार देतो. त्याने माझ्या दोन लेखांतल्या गोष्टी नेमक्या सांगितल्या, म्हणजे वाचले होते खरंच. योजना अशी की सगळ्यांनी टोकन गटाच्या खात्याला डेलिगेट करायचे, म्हणजे त्यांची मताची ताकद वापरायला द्यायची, त्या एकत्र ताकदीने गट रोज प्रत्येकाच्या पोस्टला मत देणार, आणि टोकन कधीही परत घेता येतात. डेलिगेशन ही खरी सोय आहे, मालकी तुमचीच राहते, मागे घेतलं की पाच दिवसांत परत येतं. मी हे तपासलं होतं. गटाच्या खात्याचं रेप्युटेशन, म्हणजे तिथला पतीचा आकडा, 70 च्या वर होतं तेही बघितलं, आणि मी ओळखत असलेल्या तीन लेखकांना त्याची मतं पडत होती. यापेक्षा जास्त कुणी काय तपासणार?

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही त्याच्यामुळे.

1,840 डॉलरचे मी 9,200 टोकन घेतले. नियमाने आधी ते स्वतःच्या खात्यात पॉवर अप, म्हणजे लॉक, करायचे आणि मग डेलिगेट. त्यांनी एक लिंक दिली, रक्कम आधीच भरलेली, फक्त सही करायची. वॉलेटचा पॉपअप उघडला. त्यात वर लिहिलेलं होतं 'ट्रान्सफर टू वेस्टिंग', म्हणजे पॉवर अपच, खाली 'टू' पुढे गटाच्या खात्याचं नाव, खाली 9,200.000. डेलिगेट हा शब्द कुठेच नव्हता. मी थांबले होते. खरंच थांबले होते, चॅटमध्ये विचारलं की आधी माझ्या खात्यात पॉवर अप नको का करायला, तर लगेच उत्तर, दोन्ही स्टेप एकत्र केल्यात, फी वाचते. फी वाचते! त्या ब्लॉकचेनवर व्यवहाराला फी नसतेच, मला माहीत होतं ते, दोन वर्षं वापरत होते, पण समोर तिघे ओळखीचे लेखक त्याच चॅटमध्ये 'झालं, थँक्यू' लिहीत होते. मी सही केली. दुसऱ्याच्या नावावर पॉवर अप केलेले टोकन त्याचे होतात, कायमचे. मागे घ्यायचं बटणच नसतं. पॉपअपमधली सगळ्यात वरची ओळ वाचा, लिंक देणारा काय म्हणतो ते वाचू नका.

पहिले काही आठवडे मतं पडली, पोस्टवर 41 डॉलर 60 सेंट दिसले. सात दिवसांनी पेआउट, निम्मे मत देणाऱ्यांचे, माझे 20.80, त्यातलेही निम्मे लॉक, मोकळे 10.40. पोस्टवर दिसणारा आकडा म्हणजे तुमचे पैसे नव्हेत हे नव्यांनी डोक्यात पक्कं ठेवा. मग 'वरची लेव्हल' आली, तिला 900 डॉलर, आणि ते दिल्यावर मतं निम्म्यावर, मग पाव. टोकन परत मागितले तेव्हा डेलिगेशनच्या यादीत माझं नाव नव्हतंच. गटाच्या वॉलेटमध्ये गेले तर पॉवर डाउन, म्हणजे लॉक केलेले टोकन मोकळे करणं, चालू, दर आठवड्याला तेरावा हिस्सा सुटतोय आणि सुटला की त्याच दिवशी एका एक्सचेंजला, म्हणजे क्रिप्टो विकायच्या बाजाराला, जातोय, सोबत लिहिलेल्या मेमोसकट दिसतंय. विचारलं, तर डिस्कॉर्डवरून काढलं.

आणि आता तक्रारीचं. सायबर पोलिसांकडे गेले, छापील पुरावे घेऊन. साहेबांनी पहिलं विचारलं, म्हणजे तुम्ही लाइक विकत घेतले का? मी मत आणि लाइक यातला फरक सांगायला लागले तर म्हणाले, सही तुमचीच आहे ना, मग चोरी कुठे? आरोपीचं नाव आणा. नाव एक्सचेंजकडे आहे, केवायसी झाल्याशिवाय तिथे खातं उघडत नाही. एक्सचेंजला लिहिलं तर ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात एक्सचेंज परदेशात, आमचं अधिकारक्षेत्र नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, आमच्याकडून काही चूक नाही. सगळे बरोबर, फक्त पैसे माझे गेले! तेव्हा अजून पॉवर डाउन संपलेलं नव्हतं. दर आठवड्याला पुढचा हप्ता जाताना मी बघत होते, तारीख आणि वेळ आधीपासून स्क्रीनवर होती, आणि एकाही माणसाला एक ईमेल करावासा वाटला नाही.

प्लॅटफॉर्मकडे तर दादच नाही. म्हणे विकेंद्रित आहे, कंपनी नाही, कुणी काही उलटवू शकत नाही. मग मार्च 2020 मध्ये स्टीमवर, म्हणजे स्टीमिटच्या ब्लॉकचेनवर, मोठ्या एक्सचेंजेसनी ग्राहकांचे टोकन वापरून विटनेस, म्हणजे टोकनच्या मतांवर निवडलेले चेन चालवणारे, बदलले, ते कसं जमलं? त्यातून हाईव्ह ही चेन वेगळी झाली, म्हणजे मोठ्यांच्या टोकनला धोका झाला की सगळं हलतं. मी वरच्या वीस विटनेसपैकी दोघांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याला त्याच गटाच्या खात्याचं मत आहे, माझ्या टोकनच्या जोरावर दिलेलं.

मी तिथेच इशारा देणारी पोस्ट टाकली होती, लोकांनी 3 डॉलर 12 सेंटची मतं दिली, आणि तासाभरात त्या मोठ्या खात्याने एक डाउनव्होट, म्हणजे विरोधी मत, टाकला. 0.00. पोस्ट दिसेनाशी झाली, माझं रेप्युटेशन खाली आलं. एक क्लिक. एवढ्या जणांनी मनापासून दिलेली मतं एकाने पुसली, आणि नियमात बसतं ते.

अॅक्टिव्ह की, म्हणजे टोकन हलवायची किल्ली, कुणालाही देऊ नका. 'आम्ही तुमच्यासाठी पॉवर अप करतो' ऐकलं की चॅट बंद करा. ओळखीचे लेखक वापरतायत हा पुरावा नाही, त्या तिघांपैकी दोघांचेही गेलेत, एक अजून गप्प आहे. ज्यांनी कुठल्याही गटाला टोकन दिलेत त्यांनी आज वॉलेटच्या हिस्टरीत जाऊन बघा, तुमची नोंद डेलिगेट म्हणून आहे की वेस्टिंग म्हणून. डेलिगेट असेल तर आजच मागे घ्या. वेस्टिंग असेल तर व्यवहाराचा आयडी, तारीख, चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट ते नंतर पुसतात, माझी अर्धी पुसली. साहेब शेवटी एवढंच म्हणाले की एकटीच्या तक्रारीवर काही होणार नाही, आणखी लोक आणा. तर आणा. मी माझ्याकडचे सगळे व्यवहार आयडी लावून तयार ठेवलेत, ज्यांचे गेलेत त्यांनी आपापले घेऊन यावं, एकत्र जाऊ.