इडलीचं पीठ की भाजणीचा डबा? नागपुरातल्या व्हीगन सकाळीसाठी

दूध-दही सोडल्यावर दुपारचं आणि रात्रीचं जेवण फारसं बदलत नाही. वरण, भाजी, पोळी, भात, चटणी सगळं तसंच राहतं, वरणावरची तुपाची धार तेवढी जाते. अडतं ते सकाळी. चहात दूध, थालीपिठावर लोणी, पराठ्यासोबत दही, उपम्याला तूप, कण्यांत ताक. त्यामुळे नवीन माणूस पहिल्या आठवड्यात पोहे खातो, दुसऱ्या आठवड्यातही पोहेच खातो आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणतो, हे काही आपल्याच्यानं होत नाही. मला वाटतं, व्हीगन राहणं टिकतं की नाही हे बहुतेक घरांत सकाळी आठ वाजताच ठरतं. म्हणून नाश्त्याची व्यवस्था आधी नीट लावावी.

नागपुरात राहून ही व्यवस्था लावायचे मला तीन मार्ग दिसतात. एक, डब्यातलं वनस्पतीदूध आणि त्यासोबत ओट्स, म्युसली वगैरे. दुसरा, इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ. तिसरा, आपल्याकडची कोरडी पिठं, म्हणजे भाजणी, बेसन, ज्वारी, जाडसर कणीक, आणि त्यांतून होणारी धिरडी, थालीपीठ, उकडपेंडी. तिन्ही मी वापरले आहेत. खरी निवड शेवटच्या दोघांतच आहे, त्यामुळे पहिल्याबद्दल थोडक्यात सांगून टाकतो.

वनस्पतीदूध वाईट नाही. सोयाच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, आणि काही डब्यांत वरून कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं असतं, हा मोठा फायदा आहे. घेताना लेबल वाचावं. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो. दुधाची पावडर किंवा मध घातलेली म्युसलीही त्यात बसते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळं हिरवं ‘व्ही’ चिन्ह आहे, ते शोधावं. पण उघडलेला डबा फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांत संपवावा लागतो, आणि आपला आलं घालून उकळलेला चहा या दुधाला फारसा मानवत नाही, ते फाटतं. गॅस बंद करून, चहा जरा निवल्यावर दूध घातलं तर जमतं. मी सध्या कोरा चहा लिंबू पिळून पितो. राहता राहिले ओट्स. रोज सकाळी गोड आणि गिळगिळीत खायची सवय नागपुरी जिभेला नाही. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर खावं.

आता इडली-डोशाचं पीठ. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चिमूटभर मेथीदाणे. दुधाचा कुठे संबंधच नाही. एकदा दळून ठेवलं की पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, मग उत्तप्पा, आप्पे. तांदूळ आणि उडीद एकत्र आल्यानं प्रथिनांचा दर्जाही चांगला होतो. सकाळची घाई असणाऱ्यांसाठी तर याला तोड नाही. साचा कुकरमध्ये ठेवला, शिटी काढून घेतली की दहा-बारा मिनिटं कोणी ओट्यापाशी उभं राहायची गरज नसते. तेवढ्यात अंघोळ होते, डबे भरून होतात. घरात वयस्क माणसं असतील तर मऊ इडली त्यांना सोसते. आईला सकाळी दाताला जड काही चालत नाही, तिच्यासाठी आमच्याकडे अजूनही इडली होते. ओल्या नारळाची चटणी आपल्याकडे जरा महाग पडते, कारण नारळ बाहेरून येतो. पण फल्लीदाणे (शेंगदाणे), डाळवं आणि चिंच वाटून केलेली चटणी इडलीला काही कमी चांगली लागत नाही.

इतकं सगळं असूनही मी हा मार्ग रोजच्यासाठी सोडला. कारण एकच, आणि ते कदाचित पुण्या-मुंबईच्या माणसाला पटणार नाही: नागपूरची हवा.

पीठ नीट आंबायला साधारण २८-३० अंश तापमान आणि आठ ते बारा तास लागतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्रीही तीसच्या फारसा खाली यायला तयार नसतो. कूलर असतो बैठकीत किंवा झोपायच्या खोलीत. स्वयंपाकघर रात्रभर तापलेलंच असतं. संध्याकाळी दळलेलं पीठ रात्री अकरालाच काठाशी येऊन थांबलेलं दिसतं. तेव्हाच फ्रिजमध्ये टाकलं तर सकाळी गार, घट्ट, आणि इडली जरा दडदडीत. बाहेर ठेवलं तर पहाटे ओटाभर ओघळलेलं, आणि झाकण काढताच नाकात आंबूस वास. अशा पिठाची इडली होते, पण सांबारात बुडवूनही जिभेच्या कडेला आंबट कळतेच. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर पहिला दिवस इडलीचा, दुसरा डोशाचा हा क्रमच मोडतो. पीठ थेट आंबट उत्तप्प्याच्या पायरीवर येऊन बसतं. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं आणि पीठ सकाळी जसंच्या तसं. मग भांडं शालीत गुंडाळा, बंद ओव्हनमध्ये ठेवा, कोमट पाण्यात ठेवा.

यावर उपाय आहेत, मी ते करतोही. उन्हाळ्यात गार पाण्यानं दळायचं, मेथी कमी घालायची, मीठ आधीच घालायचं, रात्री उशिरा दळायचं. पण झोपायच्या आधी भांड्यापाशी उभं राहून हे आता आत टाकू की अजून तासभर राहू देऊ, याचा निर्णय रोज घ्यायचा, आणि उद्या सकाळी काय खायचं ते आपल्याऐवजी त्या भांड्यानं ठरवायचं, हे मला फार खटकायला लागलं. दूध सोडताना तशीही बरीच गोष्ट डोक्यात ठेवावी लागते, त्यात ही भर नको वाटली. ज्यांचं स्वयंपाकघर गार असतं किंवा जे दुकानातून तयार पीठ आणतात, त्यांना हा त्रास कमी होईल, हे मान्य आहे.

कोरड्या पिठाचा डबा असा काही हट्ट धरत नाही. सकाळी उठल्यावर, तोंड धुता धुता ठरवलं तरी चालतं. मे असो की डिसेंबर, पीठ तेच.

यात मला सगळ्यात जवळची उकडपेंडी. विदर्भाबाहेरच्यांना ही बहुधा माहीत नसते, आणि इथल्या नव्या पिढीच्या घरांतूनही ती मागे पडत चालली आहे, याचं वाईट वाटतं. वाटीभर जाडसर कणीक मंद आचेवर तेलात भाजायची. आधी कच्चा, पिठूळ वास येतो; मग तो जातो आणि भाजलेल्या पोळीसारखा खमंग वास सुटतो, रंग बदामी होतो. तिथेच थांबायचं. दुसरीकडे फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, मूठभर फल्लीदाणे, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा मऊ झाला की कणीक त्यात घालायची, मग मीठ आणि चिंचेचा कोळ घातलेलं गरम पाणी वरून शिंपडत जायचं. वाटीभर कणकेला वाटीहून थोडं कमीच पाणी पुरतं. झाकण ठेवून दोन वाफा. झाकण काढलं की ढेकळं दिसतात, ती उलथन्यानं मोडायची; आतून मऊ, बाहेरून मोकळी. बऱ्याच घरांत चिंचेऐवजी दही घालतात, पण मला विचाराल तर चिंचेचीच उकडपेंडी अधिक खुलते. वरून कोथिंबीर, लिंबू, आणि उन्हाळ्यात बाजूला कैरीचा तक्कू, म्हणजे किसलेल्या कैरीचं ताजं लोणचं. यात दुधाचा पर्याय म्हणून काहीतरी घातलंय असं वाटतच नाही, कारण तशी जागाच त्यात नाही. व्हीगन नाश्त्यात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मग धिरडी. बेसन आणि ज्वारीचं पीठ, त्यात किसलेली काकडी किंवा लवकी (दुधी), टमाटर, थंडीत लसणाची हिरवी पात. पाच मिनिटांत पीठ कालवून तव्यावर. मूग रात्री भिजवून सकाळी वाटले तर त्याची धिरडी आणखी चांगली; आंबवायचं नसल्यानं हवेशी त्याचं वैर नाही. भाजणी असेल तर थालीपीठ, मोकळी भाजणी. ज्वारीच्या कण्या ताकाऐवजी नुसत्या पाण्यात शिजवून वर लसणाची फोडणी. शिळ्या पोळ्या असतील तर फोडणीची पोळी. चून, म्हणजे पिठलं, उरलं असेल तर तेच भाकरीसोबत. रविवारी वेळ असला तर थंडीत सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), नाहीतर पाटोडीचा रस्सा. एवढी यादी होते आणि दुकानातून वेगळं काहीच आणावं लागत नाही. इतवारीतला नेहमीचा किराणा पुरतो.

पण याही बाजूला उणं आहे, ते सांगायला हवं. एक म्हणजे सकाळी ओट्यापाशी उभं राहावं लागतं. थालीपीठ एकेक थापायचं, एकेक भाजायचं. चार जणांच्या घरात शेवटचं थालीपीठ निघेपर्यंत पहिला माणूस घराबाहेर पडलेला असतो. इडलीत हा प्रश्न नाही. दुसरं, लोण्या-दह्याशिवाय ही मंडळी घशात अडकतात. कोरडं पीठ, कोरडी भाजी, कोरडी चटणी असं ताटात आलं की दोन दिवसांत कंटाळा येतो. यावर माझा तोडगा म्हणजे रोज एक तरी ओली गोष्ट हवीच. टमाटरचं सार, हरभऱ्याची तर्री, चिंच-गुळाची पातळ चटणी, नाहीतर जवसाची चटणी फल्लीतेलात सैलसर कालवून. ही शेवटची थालीपिठावर पसरली तर लोण्याची आठवण बरीच कमी होते. जवस आपल्या विदर्भाचाच, आणि त्यात ओमेगा-३ गटातलं स्निग्ध आम्ल भरपूर, हे वरचं देणं. तिखट भिवापूरचं मिळालं तर उत्तम.

पोषणाच्या बाबतीत दोन्ही बाजू मला जवळपास सारख्या वाटतात, फक्त कोरड्या पिठात हवं ते मिसळायची मोकळीक जास्त. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात तेवढ्याच वजनाला १२० च्या आसपास. धिरड्याच्या पिठात तिसरा हिस्सा नाचणी आणि चमचाभर तीळ सहज खपतात, चवीला कळतही नाहीत. लोहासाठी वर लिंबू पिळावं आणि चहा खाण्यासोबत न घेता तासभराच्या अंतरानं घ्यावा. बी-१२ मात्र इडलीतही मिळत नाही आणि उकडपेंडीतही नाही. आंबवलेल्या पदार्थांतून ते मिळतं असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नये. ते गोळीतून किंवा बी-१२ वरून घातलेल्या पदार्थांतूनच घ्यायचं, आणि किती ते डॉक्टरांना विचारून.

घराबाहेर खायची वेळ आली तर नागपूर या बाबतीत फार सोयीचं गाव आहे. तर्री-पोहे तेलातले, वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, कांदा, लिंबू. बहुतेक ठिकाणी त्यात दुधाचं काही नसतं, तरी एकदा विचारून घ्यावं. डोसा मागवताना मात्र लोणी-तूप नको हे आधीच सांगायला लागतं, कारण तव्यावर ते सवयीनं फिरवलं जातं. रवा इडलीत दही असतं, हे लक्षात ठेवावं.

तर कोणी काय घ्यावं? सकाळी साडेसातच्या आत दोन-तीन डबे बाहेर पडत असतील, घरात लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील, तर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत इडलीचं पीठ खुशाल ठेवा. त्या महिन्यांत आपल्याकडे ते छान आंबतं. एकटे किंवा दोघंच असाल, सकाळी वीस मिनिटं हाताशी असतील आणि जिभेला तिखट-आंबट लागत असेल, तर मी कोरड्या पिठांकडेच बोट दाखवीन. दोन्ही ठेवायला जागा असेल तर आठवड्याचे चार-पाच दिवस पिठाचा डबा आणि एक दिवस इडली असं करून बघा.

सुरुवातीला भाजणी थोडीच करा. ज्वारी एक किलो, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडीद डाळ पाव-पाव किलो, मूठभर धने, थोडं जिरं. सगळं वेगवेगळं खमंग भाजून गार झाल्यावरच एकत्र करा. बाजरी आवडत असली तरी उन्हाळ्याच्या भाजणीत घालू नका, तिचं पीठ लवकर कडवट होतं. चक्कीवर दळण टाकताना आधी कोणाची ज्वारी किंवा डाळ दळली जात असेल तर तिच्यामागे नंबर लावा, मिरची-मसाल्याच्या मागे नको. आणि घरी आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात भरू नका. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर वाफ धरते आणि आठ दिवसांत वास येतो.